दुसरी झोळी

तारापूर, गुरुवार, माघ, १९६३

गेल्या आठवड्यात देवी टोचलेले दंड तपासायला आज पुन्हा कोळीवाड्यात गेलो. सगळ्या पोरांचे फोड टरारून भरलेले. फक्त पार्वतीच्या पोरीचा दंड कोरा! मनात पाल चुकचुकली. माझी पाठ वळताच हिनं लस पुसली असणार, पुष्कळ बायका पुसतात. शिवाय घरात पोर एक आणि झोळ्या दोन. दुसरं कुठं दडवलंय?

"पुसलीस ना?" मी दरडावलं.

"नाय भाऊ, आयशपथ. दुसऱ्याच दिशी लाल झाला, खाजला न् बसला."

खोटं बोलतेस, म्हणणार होतो. पण टोचलेलं इतक्या झटपट लाल होऊन बसतं ते कुणाचं? ज्याच्या अंगानं हा रोग आधी एकदा परतवलाय, त्याचं. ते अंग लशीला पाय रोवूच देत नाही. मी पोरीचे केस मागे सारले. कपाळाच्या कडेला वण होते.

म्हणजे खऱ्या देवी येऊन गेल्या आणि आम्हाला पत्ता नाही!

"कळवलं का नाहीस?"

"देवीआई घरात असताना भायेर बोलत नाय, भाऊ."

एक लपवलं तर दुसरंही लपवेल. त्या दुसऱ्या झोळीचा माझा संशय काही जाईना. पोर निजवलं असेल म्हणून झोळी ओढून आत डोकावलो. काहीच नव्हतं. सोडली तशी हलायला लागली.

पार्वतीनं धावत येऊन ती दोन्ही हातांनी धरली.

"रिकामी हलवू नये, भाऊ. आईनं नेलेल्या हिच्या बहिणीची हाय."