दम धरणे : अर्थ आणि उपयोग

भवानी पेठ, सोलापूर

तीर्थस्वरूप नंदूदादास धाकट्या मालतीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे उभ्यानेच). तुझी शुगर, वहिनीची पाठ आणि मंगळवेढ्याची ज्वारी, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे.

उत्कर्षाच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला तू बाहेरची गायिका ठरवलीस, हे वहिनीकडून कळलं. साखरपुड्यात गाताना मला मध्येच धाप लागली, तेव्हा तुझा निर्णय योग्यच आहे. मला अजिबात राग आलेला नाही (मी किती शांतपणे फोन ठेवला ते वहिनीला विचार). घरातल्या सगळ्या लग्नांत मीच म्हटली, अगदी तुझ्यासुद्धा, पण ते जाऊ दे.

तर त्या धापेवर डॉक्टर दाक्षायणींनी मला इनहेलर दिला. आमच्या पेठेत त्याला पंप म्हणतात. त्यांनी नीट समजावलं, की आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, तोंडात धरून दाबतानाच सावकाश आत ओढा आणि मग दम धरा. आता माझी सगळी हयात शाळेत मराठी शिकवण्यात गेली. दम धरणे म्हणजे धीर धरणे, हे मी निम्म्या सोलापूरकडून घोकून घेतलंय. त्यामुळे मी रोज पंप ओढायची, लगेच फुस्सकन सोडायची आणि हात मांडीवर ठेवून खुर्चीत अतिशय धीराने बसून राहायची. यांनी चहा मागितला तरी उठायची नाही. शेजारच्या मुक्ताबाईंनी एकदा हे दारातून पाहिलं. "बाई, ही कंची साधना हाय? मलाबी शिकवा की!" म्हणाल्या आणि भक्तिभावाने माझ्यासमोर उदबत्ती लावून गेल्या. त्या धुराने मी दुपारभर खोकत होते.

धाप काही जाईना. शेवटी औषध कुचकामी आहे हे सुनवायला मी तावातावाने दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घेऊन दाखवा. मी ओढलं, तोंडातून पांढरा धूर सोडला आणि हात मांडीवर ठेवले. काय करताय, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, दम धरलाय! त्या इतक्या हसल्या की त्यांनाच धाप लागली. "अहो बाई, श्वास धरायचा की! आत! मनात दहा म्हणेपर्यंत!"

तेव्हापासून श्वास धरतेय (आणि नंतर न चुकता चूळ भरते). काय सांगू दादा, काल शार्दूलविक्रीडिताची अख्खी ओळ एका दमात म्हटली, पाठोपाठ 'सावधान'सुद्धा! आनंदाने रडूच आलं. हे घाबरून चहा करून घेऊन आले. साखर विसरले होते, तरी मी सगळा प्यायले.

वहिनीला नमस्कार, उत्कर्षाला आशीर्वाद.

तुझी,
मालती

ता. क. : त्या गायिकेला नको म्हणून कळवशील का? उत्कर्षाला मी मांडीवर खेळवलंय. तिच्या मांडवात नुसत्या अक्षता टाकत गप्प बसणं मला सोसणार नाही.

ता. क. २ : तुला संकोच वाटेल म्हणून मीच तिला फोन केला. फार गोड बाई आहे. तिला दोन कडवी ऐकवली, ती लग्नाला यायला कबूल झाली आहे. पाहुणी म्हणून. जेवणाचं एक पान वाढव.