ठकीची दृष्ट

प्रिय प्रतीक्षा,

फोनवर अभिनंदन करून झालं, आता पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण आपल्या घरातला फोन म्हणजे गावाची चावडी. तू उचलणार, आई म्हणणार "आवाज मोठा कर", आणि शेजारच्या मंजुळाबाई हातातलं काम टाकून येऊन बसणार. मला जे सांगायचंय ते तुझ्या एकटीसाठी आहे. वाचून झालं की तुझ्या अंघोळीचं पाणी तापतं त्या चुलीत हे टाकून दे.

बाळाचे फोटो पाहिले. नाक आपल्याच घरचं आलंय, त्याला आता इलाज नाही. बाकी पोरगी सुरेख आहे. ती मंजुळाबाईंच्या मांडीवर आहे, तुझ्या सासूबाईंच्या मांडीवर आहे, एका फोटोत तर सोयाबीन काढायला आलेल्या बायांनीही हात धुऊन तिला घेतलंय. आई मात्र एकाच फोटोत दिसली, तीही दाराच्या चौकटीत, तोंडावर पदर धरून. मी तुला कारण विचारलं, तेव्हा तू आधी टाळलंस आणि मग हळूच सांगितलंस. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही.

ठकी तुला आठवते ना? तू तिला व्हिडिओतच पाहिलीस. तिच्या आईने तिला जवळ केलं नाही, म्हणून आमच्या प्राणिसंग्रहालयातल्या डॉक्टरांनी ती माझ्या हवाली केली. मुठीएवढं डोकं आणि आवाज मात्र केवढा! बाटलीने दूध मी पाजायचो, पण हुकूम आपल्या डोणगावहून, आईकडून सुटायचे. पोट बिघडलं की आईला फोन, झोपत नसली की आईला फोन. ती सिंहीण आहे हे आईला शेवटपर्यंत मान्य नव्हतं, तिच्या लेखी ती वाघीणच. "सून तं आणली नाही, वाघीण आणली पोट्ट्यानं," असं गावभर सांगायची आणि पुन्हा मलाच विचारायची, "माही नात जेवली का?"

फेब्रुवारीत आई गावाहून मेहकर गाठून तिथून बसने आली, ते नातीला बघायलाच. पिशवीत वांगी आणि तुरीच्या शेंगा. प्रवासाने घसा बसलाय म्हणाली, मीही तेच समजलो. तोवर ठकी चांगली थोराड झाली होती. लोक तिच्यासमोर गर्दी करायचे, पोरं ओरडायची, बाया "किती देखणी" म्हणायच्या. आई काचेपलीकडून बराच वेळ बघत राहिली आणि मग चिडूनच म्हणाली, "इतके डोये लागून राह्यले लेकराले, अन् कोणी नजर नाही काढली?" मीठ, मोहरी आणि मिरच्या तिने पदराच्या गाठीत घरूनच बांधून आणल्या होत्या. म्हणजे बेत आधीचाच होता.

पिंजऱ्याच्या मागे एक गल्ली असते, तिथून आम्ही खाणं देतो. तिथे बाहेरच्या माणसाला बंदी, आणि त्या दिवसांत तर आम्हीसुद्धा तोंड बांधूनच जायचो. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी आईला तिथे नेलं. दार मी उघडलं. तिने दृष्ट उतरवायला सुरुवात केली आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर मास्क खाली ओढला. मी म्हटलं, आई, तो राहू दे. तर माझ्यावरच खेकसली, "तोंड बांधून कोठी नजर उतरते का बे?" मी हसलो. मला वाटलं, आहेच किती वेळाचं काम. ठकीने गजांना कपाळ टेकवलं, ती माझ्यापुढे टेकवायची तसंच. आईने मिरच्या ओवाळल्या, थू थू केलं आणि शेवटी तिच्या कपाळावर फुंकर घातली, आपण तापाने फणफणलो की घालायची तशी. ठकीने डोळे मिटून घेतले. त्या क्षणी मला किती अभिमान वाटला होता म्हणून सांगू!

मग आई गावी परतली आणि ठकीचं नाक वाहायला लागलं. खोकला आला, समोरच्या मांसाकडे ती बघेना. तपासणीत कोरोना निघाला. डॉक्टर म्हणाले, हा माणसांकडूनच आलाय. आम्हा सगळ्यांच्या नाकात काड्या घातल्या, एकूण एक निगेटिव्ह, मीसुद्धा. तेव्हा मी साहेबांकडे गेलो आणि आईला आत नेल्याचं स्वतःहून सांगितलं. त्यांनी नोकरी ठेवली, पण मला हरणांकडे धाडलं. त्यांचं काही चुकलं नाही. पण ठकीच्या आजारपणात मला तिच्याजवळ जाता आलं नाही, हे मात्र जन्मभर सलेल. वारा इकडचा असला की तिचा खोकला हरणांच्या कुंपणापर्यंत ऐकू यायचा. माझ्या जागी गेलेला गोकुळ सांगायचा, कुणाचीही पावलं वाजली की ती मान उचलून दाराकडे बघते. ती गेल्याचंही मला त्यानेच येऊन सांगितलं.

आता ते सांगतो, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बातमी टीव्हीवर आली आणि आईचा फोन आला. रडली नाही. एवढंच विचारलं, "काऊन रे भागवत, माह्यानं झालं का हे?" प्रतीक्षा, मी लगेच नाही म्हणायला हवं होतं. तोंडात शब्द आलाही होता. पण नुकतंच ठकीला पुरून आलो होतो, हाताची माती तशीच होती, आणि मी गप्प राहिलो. एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. मग म्हणालो, नाही गं, कुणाकडूनही झालं असेल. पण तोवर आईला कळायचं ते कळलं होतं. ठीक आहे म्हणाली आणि फोन ठेवला. इथून गेल्यावर तिला ताप आला होता, ते तुम्ही दोघींनी माझ्यापासून लपवलंत. मला त्याचा राग नाही. मी तरी वेगळं काय केलं असतं?

त्यानंतर आईने ठकीचं नाव काढलं नाही. मला वाटलं, विसरली असेल. किती सोयीचं वाटून घेतलं मी! आणि परवा तू सांगितलंस की दोन्ही लसी घेऊनही ती बाळाला हात लावत नाही. तू फारच आग्रह केलास तेव्हा म्हणाली, "एक नात खाल्ली म्या, दुसरीच्या जवय नाही जात." रविवारी बारसं. पाळण्याच्या खालून-वरून बाळ द्यायला-घ्यायला दोन्ही बाजूंना बाया उभ्या राहतील, आणि आई पुरणाच्या पातेल्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात बसून राहील. मला ते इथून दिसतंय.

म्हणून हे पत्र. रविवारच्या आत आईला जवळ बसव आणि सांग की दादाने मला खरं काय ते कळवलंय. आई त्याच्याकडे आली त्याच्या आधीपासूनच दादाला कोरोना होता. वास येत नव्हता, अंग मोडून आलं होतं, पण पगार बुडेल म्हणून त्याने लपवलं. तिला झाला तो त्याच्याकडून, ठकीला झाला तोही त्याच्याकडूनच. माझी तपासणी निगेटिव्ह आली होती हे तुला ठाऊक आहे, तिला ते कधी कळू देऊ नकोस. खोटं बोलायला लावतोय, मला कळतं. पण दार मी उघडलं होतं, त्यामुळे अगदीच खोटं नाही. ती मला शिव्या देईल, सात पिढ्या काढील, महिनाभर माझा फोन घेणार नाही. घेऊ नये. फक्त शिव्या द्यायला लागली की तिला थांबवू नकोस. रागात तिचं स्वतःच्या हातांकडे लक्ष नसतं. तेवढ्यात बाळाला तिच्या हातांत दे आणि बाहेर निघून जा.

तुझाच,
भागवतदादा