दारावरची जुनी पेटी कोणी काढू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंद्याने लोकांच्या घरी चोरघंटा बसवणारा, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. गुडघे गेले असले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणाचेही दडपण नाही. पत्नी शेजारच्या खोलीत बसली आहे, तरीही नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला मिळावी. तिच्या पश्चात मुलगा व मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे आणि भांडायचेच असेल तर घराबाहेर भांडावे.

२. माझी हत्यारे मुलीला द्यावीत. मुलाने एकदा स्क्रू घट्ट करताना भिंतीचा पोपडा काढला होता. ते मी विसरलेलो नाही.

३. “घंटा कशाला, कुत्रा पाळा,” असे भर पंगतीत म्हणणाऱ्या मेहुण्याला माझा खोटा कॅमेरा द्यावा. त्यात फक्त लाल दिवा लुकलुकतो. दोघांचे जमेल.

४. आता दारावरच्या पेटीविषयी. ती मी सव्वीस वर्षांपूर्वी बसवली. बाहेर बटणे, आत घंटा, आणि उघडण्याचा आकडा म्हणजे दिवस व महिना मिळून चार अंक. गिऱ्हाइकांना मी नेहमी बजावत असे, लग्नाची तारीख ठेवू नका, चोराला ती सहज कळते. स्वतः मात्र तीच ठेवली. चोराला ती कळणे शक्य नव्हते, कारण मी चुकीची ठेवली होती.

त्याच दुपारी पत्नी भाजी घेऊन आली. आकडा लग्नाच्या तारखेचा, एवढेच मी तिला सांगितले होते. लग्न सतराचे, म्हणून तिने सतरा दाबले. तीनदा दाबले. घंटा अशी बोंबलली की अख्खी गल्ली गोळा झाली. मी धावत आलो आणि ऐटीत अठरा दाबून घंटा बंद केली. ती सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाली, “अहो, आपलं लग्न सतराला झालं. अठराला तुम्ही कुणाशी केलंत?”

मी म्हणालो, “चोराला फसवायला मुद्दाम एक दिवस पुढे ठेवलाय.” आकडा बदलायला दोन मिनिटे लागली असती. पण पडलो तरी नाक वर. हा किस्सा तिने इतक्यांना सांगितला आहे, की आमच्या घराचा गुप्त आकडा आता गल्लीत सर्वांना पाठ आहे.

५. ही पेटी बदलावी की दुरुस्त करावी, यावर वर्षभर घरात खल चालू आहे. मुलगा म्हणतो, “बाबा, डबडं काढून टाका. आता सगळं फोनवर चालतं.” मुलगी म्हणते, पेटी तीच ठेवून आतले सामान बदलू. मी दोघांचे न ऐकता, जन्मभर लोकांना शहाणपण शिकवलेला माणूस, गुळगुळीत काचेची नवी पेटी विकत आणून लावली.

पत्नीला दोन वर्षांपासून काचबिंदूमुळे जेमतेम दिसते, हे मला ठाऊक होते. काचेवर बोटांना काही लागत नाही, हे मात्र सुचले नाही. मी परतलो तेव्हा ती पायरीवर बसली होती, वर घंटा वाजत होती आणि शेजारचा शिंपी तिला पाणी देत होता. “मला माझ्याच घरात जाता येईना,” एवढेच ती म्हणाली. मला फार लाज वाटली. तासाभरात जुनी पेटी परत चढवली.

६. म्हणून माझा निर्णय : घंटा, बॅटरी आणि दारे-खिडक्यांवरचे सेन्सर मुलीने नवे बसवावेत. उठावाची बटणे असलेली जुनी पेटी पत्नी आहे तोवर हलवू नये. माझ्यामागे ती या घरात एकटी राहणार आहे आणि तिला कोणासाठी दारात ताटकळावे लागू नये.

७. आकडा आता तरी सतरा करू का, असे मुलीने विचारले. आतून उत्तर आले, “राहू दे गं. इतकी वर्षं रोज दारात त्यांची चूक दाबतेय. तेवढी करमणूक तरी ठेव.” त्यामुळे अठराच राहील.

८. शेवटचे. ‘मुद्दाम पुढे ठेवलाय’ हे खोटे होते. मी तारीख विसरलो होतो. हे तोंडाने सांगणे जमले नाही, म्हणून लेखी देत आहे.

साक्षीदार (आमच्यासमोर सही केली. आकडा आम्हांला आधीपासून माहीत आहे) :
१. शेजारचा शिंपी
२. समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई

स्थळ : स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : आमच्या लग्नाच्या महिन्यातली सतरा. हिला विचारून लिहिली आहे.