ऊन की हून

वेंगुर्ले, जानेवारी २००६

प्रिय जान्हवी,

तुझं पत्र पोचलं. मुंबईच्या त्या दातांच्या दवाखान्याला तुला महिनाअखेर नोकरीचा होकार कळवायचा आहे, हे लक्षात आहे. पण आधी इथलं सांगतो. मी दमलोय. खुर्चीशी वाकून वाकून पाठ लाकडासारखी झाली आहे, आणि येणारा प्रत्येकजण तोंड उघडण्याआधीच दात काढून टाका म्हणतो. वाचवायचा तर चार खेपा घालाव्या लागतात, आणि तेवढा धीर कुणाला नसतो. हल्ली मलाही नसतो.

जेटीवर मासे विकणारी सत्यवती तुला आठवत असेल. तिच्या दाढेचं रूट कॅनाल माझ्याच्याने आटपेना. दाढेच्या मुळांतल्या नळ्या धुऊन औषध भरावं, की ही गाल सुजवून परत हजर. ‘डॉक्टरांनू, काढून टाका एकदाची,’ म्हणाली आणि खरं सांगतो, मी पक्कड हातात घेतलीही होती. मग तू लिहिलेलं आठवलं, की धुण्याचं औषध कोमट केलं तर नळीतली घाण जास्त चांगली विरघळते. म्हटलं, लेकीचं ऐकून बघू.

दवाखान्यात मी शुद्ध बोलतो, त्यावरून तू मला चिडवायचीस. मदतीला असते त्या तुळसाला म्हणालो, बाटली जरा ऊन करून ठेव. तिने ती नेऊन पायरीवर ठेवली, भर उन्हात. उन्हाने ते औषधच मरतं. मी तडकलो, तर म्हणते कशी, ‘तुमीच सांगितल्यात ना, ऊन? हून म्हणूचा होता.’ तिचं तरी काय चुकलं? तिच्या घरी पेज गरम नसते, हून असते. मग मीच दुसरी बाटली गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवली. त्यानंतर सत्यवतीची सूज उतरली ती उतरलीच. गुण कोमट औषधाचा की तिच्या नशिबाचा, मला ठरवता येत नाही. काल तिने बांगडे पाठवले. एकट्याने किती खाणार, तुळसाला दिले.

परवा फोनवर तू विचारलंस, बाबा, मी काय करू? मी म्हणालो, तुझ्या सोयीने ठरव. तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस. ते ‘बरं’ मला तेव्हापासून टोचतंय. ते माझं दवाखान्यातलं बोलणं होतं, आणि तुळसाने ऐकलं तसंच तू ऐकलंस. म्हणून आज आपल्या बोलीत लिहितो. माका आता एकट्याक जमणा नाय. घराक ये गो.

तुझाच,
बाबा