ठणठणीत गुडघा

तीर्थरूप ताई,

बसल्या बसल्याच नमस्कार करतोय, तेवढा गोड मानून घे. तुझी कंबर आणि भावोजींचा खोकला कसा आहे, सविस्तर कळव. माझा डावा गुडघा ठणठणीत असल्याचं काल कोर्टाच्या कागदावर चढलं. याला दुजोरा देणारा साक्षीदार मी स्वतःच. मी अजून सुन्न आहे.

सात वर्षं आम्ही एवढंच म्हणतोय, की सीमेवरच्या चौकीच्या घाटात जीप उलटली, गुडघा कायमचा गेला, म्हणून मुदतीआधी लष्कर सोडावं लागलं. तेव्हा अपंगत्वाची पेन्शन द्या. वकिलाने दहादा पढवलं होतं, "साहेब, काठी टेकत या, हळू बसा, विचारलं तर दुखतं म्हणा." (खरंच दुखतं गं. जिना उतरताना डोळ्यांत पाणी येतं.) मी आज्ञेप्रमाणे हळू बसलो. तेवढ्यात सरकारच्या बाजूचे वैद्यकीय अधिकारी आत आले. पाहतो तर जनरल, माझ्याहून चार हुद्दे वर. काठी कधी सुटली कळलं नाही. टाचा जुळल्या, छाती पुढे आली, मी खांबासारखा ताठ. ते सहज म्हणाले, "काय मेजर, तब्येत कशी?" बावीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांच्या या प्रश्नाला मी दुसरं उत्तर दिलेलंच नाही. म्हणालो, "एकदम फिट, सर."

न्यायाधीशांनी आधी मला पाहिलं, मग जमिनीवरच्या काठीला. टंकलेखकाचा हात थांबला नव्हता. वकिलाने डोकं धरलं. तुझी भावजय मागच्या बाकावरून म्हणाली, "घरी सिलिंडर हलवा म्हटलं की कण्हता, आणि इथे फिट." (बाहेरच्या पायऱ्या उतरताना दंडाला तिनेच धरलं होतं.)

न्यायाधीश भले, म्हणून एक शेवटची संधी मिळाली. मंगळवारी दहाला तीन डॉक्टरांसमोर तपासणी, आणि ते लिहितील तोच निकाल.

तुझा,
धाकटा

ता. क. तिघेही माझ्याहून वरच्या हुद्द्याचे आहेत. मी काय बोलेन ते मला आत्ताच ऐकू येतंय. म्हणून तू सोमवारीच ये आणि तिथे शेजारी बस. तुझ्याहून वरिष्ठ मला कुणी नाही. तू नुसतं "खरं सांग" म्हणालीस की मी सांगेन.

आणखी एक. येताना भावोजींची काठी आण. माझी परत मागायला गेलो, तर शिपाई म्हणाला, ती पुराव्यात जमा झाली. आणि कंबर "बरी आहे" असं कळवू नकोस. मंगळवारी आपण दोघंही खरं बोलू.