नाव घेऊन तोडलेलं पान

दि. ९ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
तुझ्या भोवऱ्याचा लांबूनच सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पण अक्षरं एवढी मोठी का काढतेस? चार ओळींत कागद संपला. मी कमी शिकलोय खरा, पण इतकाही कमी नाही!

दोन वर्षांतली ही माझी तिसरी नोकरी. आता धुलाईखान्यात आहे. हॉटेलांच्या चादरी येतात. एक टोक मी धरतो, दुसरं एक म्हातारा. घडी घालताना तो माझ्या तोंडाशी येतो, परत लांब जातो. दिवसभर हेच. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला. खोलीवर आलो की चहाच्या भांड्याशी बोलतो, तेही उत्तर देत नाही.

लोक अजून मागच्या दारानंच येतात का गं? चारचौघांत तुला चेटकीण म्हणायचं आणि परसात येऊन पाला मागायचा!

लोभ आहेच, तो जरा वाढव. इथं फार लागतो.
तुझा,
भोवऱ्या

दि. १७ फेब्रुवारी

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ. तिथल्या वाफेत विरले नाहीत तर पोचतील.

अक्षरं मोठी काढते, कारण बारीक दिसत नाहीत. डोळ्यांपुढं धुकं धरलंय. परवा भलतीच मुळी उगाळायला घेतली होती, वास आला म्हणून बरं. शेजारची शिंपीण म्हणते, चष्मेवाल्याकडे चला. मी म्हटलं, नाक शाबूत आहे तोवर कुणाच्या दारी जायची नाही.

डोळ्यांच्या औषधाचं झुडूप विहिरीमागच्या खडकात आहे. पण स्वतःसाठी स्वतः तोडायचं नाही, हे तुला शिकवलंय. दुसऱ्यानं जायचं, झाडाला आजाऱ्याचं नाव सांगायचं, क्षणभर थांबायचं, मग पान घ्यायचं. आपल्यासाठी कुणीतरी उठून गेलं, यातच अर्धा गुण असतो. मी गावभर सगळ्यांसाठी गेले. आता माझ्यासाठी जा, असं कुणाला सांगू?

दोन दिवस येऊन जाशील? नाही जमलं तर राहू दे. पायाला भिंगरी असलेल्याला काय बोलावायचं!

जेवत जा.
आत्या

दि. २६ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

मुकादम म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस. पण तू काळजी करू नकोस. तेच झुडूप इथं शहराबाहेरच्या टेकडीवर आहे. रविवारी मुद्दाम गेलो. तुझं नाव मोठ्यानं घेतलं, तर फिरायला आलेली दोन माणसं हसली. हसू देत. थांबलो, मग तोडलं. ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवतोय.

बरं वाटलं की लगेच कळव, आणि अक्षर बारीक काढ!
तुझा,
भोवऱ्या

दि. ६ मार्च

चि. भोवऱ्यास,
आशीर्वाद मागाहून, आधी बोलणी खा.

मी शिंपीणकाकू लिहितेय. तुझ्या आत्याचे डोळे सुजून मिटलेत. तुझा पाला बांधला, त्याचा हा प्रताप. डॉक्टरनं पट्टी बांधलीय. म्हणतो, सूज उतरेल, नजरेचं मात्र आताच सांगता येत नाही.

अरे, आणि ही बाई काय सांगू! फडकं सोडल्याबरोबर वास घेतला आणि म्हणाली, हा तो पाला नव्हे. मी म्हटलं, मग टाका चुलीत. तर हसली. म्हणे, पोरगं एवढं टेकडी चढून गेलं, माझं नाव घेऊन तोडलं. इतक्या वर्षांत माझं नाव झाडापुढं कुणी घेतलंय? टाकू कशी? आणि बांधला की गं बाई. मी आडवं पडायला हवं होतं.

मी आता पुढच्याच दारानं येते. काय म्हणायचं ते म्हणू देत लोकांना. तिला तुझ्यावर राग नाही. माझा आहे. काय ते लवकर कळव.
शिंपीणकाकू

दि. ११ मार्च

ती. शिंपीणकाकूंस,
सा. न. वि. वि.

हे आत्याला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका, तुम्हाला पाय धरून विनंती.

आत्या, मी टेकडीवर गेलोच नव्हतो. इथं टेकडी आहे की नाही, तेही मला ठाऊक नाही. पाला धुलाईखान्याच्या कुंपणाचा. जेवणाच्या सुटीत ओरबाडला. तुला बरं वाटावं म्हणून चार ओळी रचल्या. हसणारी माणसंसुद्धा रचली. तुझं नाव मी घेतलं नाही.

तू त्या नावासाठी तो पाला डोळ्यांवर बांधून घेतलास.

मुकादमाला सांगितलं, चाललो. हे पत्र आधी पोचावं म्हणून पुढच्या आठवड्याची गाडी धरलीय. पोचलो की सांगशील त्या डॉक्टरकडे तुला हाताला धरून नेईन. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, मी पायरीवर बसेन. माझी चाहूल तुला कळेलच. मला फक्त कुणी हाकलू नका, एवढं काकूंनी बघावं.

लोभ मागण्याचं तोंड नाही.
भोवऱ्या