एकेचाळीस किलो

नाना,

तुमची गाडी मी दिली. विकली नाही, बदलून घेतली. तुमची ती दोन सीटांची, छत नसलेली, फायबरच्या अंगाची लाल गाडी, जिचं वजन तुम्ही घासून-घासून सहाशे चौऱ्याऐंशी किलोवर आणून ठेवलं होतं, ती एबी रोडवरच्या एका व्यापाऱ्याला दिली आणि त्याच्याकडून चार दारांची काळी सेडान आणली. साडेतीनशेच्या वर हॉर्सपॉवर आहे. वजन सतराशे किलो. हो, सतराशे. तुमच्या अडीच गाड्या त्यात बसतील. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ही गाडी आहे की गोडाऊन. म्हणा. चौदा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि चौदा वर्षं दर रविवारी मी तुमच्या त्या खेळण्याचं इंजिन दहा मिनिटं चालवून, पुसून, पुन्हा झाकून ठेवत आले, कारण दवाखान्यात तुम्ही माझा हात धरून सांगितलं होतं की ही विकू नकोस. आईला सांभाळ, असं नाही म्हणालात. कारखाना बघ, असंही नाही. गाडी विकू नकोस. मी मुकाट्यानं हो म्हटलं.

कारण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल रागाच्या भरात दिली. रागाच्या भरातच दिली, पण कारणही आहे. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी डॉक्टरांकडे न्यावं लागतं. घराच्या पोर्चमध्ये तुमची गाडी ताडपत्रीखाली आरामात झोपलेली, आणि माझी गाडी जागा नाही म्हणून गल्लीच्या तोंडाशी. तिथपर्यंत आई काठी टेकत, भिंतीला हात लावत जायची. उन्हाळ्यातही. एके दिवशी ती मध्येच थांबली, तुमच्या ताडपत्रीवर हात टेकवून दम खाल्ला आणि पुढे चालू लागली.  माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. त्याच संध्याकाळी मी व्यापाऱ्याला फोन केला.

तुमचे रविवारचे मित्र, जे उरलेत ते, घरी येऊन समजावून गेले. नानांचा जीव होता त्या गाडीत, म्हणाले. होता ना. मला कशाला सांगताय, मी त्या जिवाच्या शेजारी बसलेली आहे. मी दहा वर्षांची असताना राजेंद्र नगरच्या आपल्या स्वयंपाकघरात काय चालायचं ते मला विचारा. सकाळ आहे. आई पोह्यांना फोडणी देतेय, ओट्यावर लाडवांसाठी रवा मोजून ठेवलाय, आणि तुम्ही तिच्या काट्यावरचं भांडं बाजूला सारून गाडीच्या दाराची कडी ठेवताय. ग्रीस लागलेली. आई म्हणते, अहो, त्यात मी रवा मोजते. तुम्हाला ऐकू येत नाही. तुम्ही ती कडी घेऊन मागच्या अंगणात जाता, तिला तीन भोकं पाडता, परत आणून काट्यावर ठेवता आणि मला हाक मारता. ‘बघ, चाळीस ग्रॅम गेले.’ मी टाळ्या वाजवते. मग धातूवर आकडे उमटवायचे पंच घेऊन तुम्ही त्या कडीवर तिचं नवीन वजन ठोकता, कारण तुमच्या हातून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर तिचं वजन ठोकलेलं असलंच पाहिजे. मला हे सगळं फार आवडायचं. आज लिहिताना त्याचाच जास्त राग येतो.

आणि सांवेर रोडचा कारखाना. तिथे माल तोलायच्या मोठ्या काट्यावर तुम्ही मला उभं करायचात. बारा वर्षांची होते तेव्हा काटा एकेचाळीसवर थांबला होता. मग मला गाडीत डाव्या सीटवर बसवायचं, चारही चाकांखाली छोटे काटे सरकवायचे, आणि प्रत्येक चाकावर बरोबर तितकंच वजन यावं म्हणून स्प्रिंगा अर्धा आटा वर, अर्धा आटा खाली करत राहायचं. हलू नकोस, म्हणायचात. दोन-दोन तास मी हलत नसे. श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. माझ्यासकट गाडी तोलली जातेय, मी त्या गाडीचा एक भाग आहे, याचा मला इतका गर्व होता की शाळेत मी मैत्रिणींना ते समजावून सांगायची आणि त्या माझ्याकडे वेड्यासारख्या बघायच्या.

मग तो रविवार. हातोदच्या पुढचा रस्ता, सकाळचे सात, दोन्ही बाजूंना हरभरा. तुम्ही चौघं मित्र दर रविवारी त्या रस्त्यावर वेळ मोजून गाड्या पळवायचात आणि तुमचं घड्याळ माझ्या हातात असायचं. त्या दिवशी तुमच्या एका मित्रानं तुमच्यापेक्षा कमी वेळ घेतला. तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारलीत, टायरांना हात लावून पाहिलंत आणि माझ्याकडे वळलात. ‘उतर जरा. तू आता जड झालीस.’ एवढंच. मित्र हसले. एक जण म्हणाला, भिया, बेबी को पोहे कम खिलाओ. तुम्हीही हसलात. मी तेरा वर्षांची होते, नाना. त्याच वर्षी माझं अंग बदलायला लागलं होतं आणि मला ते कुठे लपवावं कळत नव्हतं, आणि तुम्ही तीन परक्या पुरुषांसमोर माझं वजन काढलंत. घड्याळ मित्राच्या हातात देऊन मी हरभऱ्याच्या कडेला उभी राहिले. तुम्ही गेलात, आलात, चार सेकंद वाचले. मला घड्याळ दाखवलंत. मी खूश व्हावं अशी तुमची अपेक्षा होती.

पुढच्या शनिवारी डावी सीट गाडीत नव्हती. तिच्या जागी ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा. मला कोणी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी फक्त त्या दिवसापासून एक पोळी कमी केली. मग भात. कॉलेजात दोनदा चक्कर येऊन पडले, तेव्हा तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, अभ्यासाचं टेन्शन घेते. आज पंचेचाळीस ओलांडली, तुमच्याच कारखान्यात पंचवीस माणसांवर ओरडते, माझ्यापुढे कोणाची ब्र काढायची हिंमत नाही. आणि लग्नाच्या पंगतीत कोणी जिलेबीचा आग्रह केला की अजून माझा हात ताटावर आडवा जातो. हा हात तुम्ही मला दिलेला आहे. कडीला पाडलेल्या भोकांसारखं तुम्ही ते काम मोजून-मापून केलं असतंत तर निदान राग धरायला बरं पडलं असतं. तुम्ही ते चालता-चालता केलंत.

इथपर्यंतचं सगळं मला तीस वर्षं पाठ आहे. पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. व्यापाऱ्याच्या मेकॅनिकनं गाडी तपासायला वर उचलली. कागदांवर दोन सीट आणि गाडीत एक, म्हणजे नाव बदलताना आरटीओत अडणार, तेव्हा दुसरी सीट बसवता येते का हे बघायला त्यानं तो पत्रा खोलला. आणि मला हाक मारली. ‘मैडम, ये काय के लिए डाला है?’ पत्र्याखाली, माझ्या सीटच्या जागी, चार बोल्टांनी आवळलेला लोखंडाचा ठोकळा. उशीएवढा. चारही बाजूंनी मशीनवर साफ केलेला, वर गाडीचाच लाल रंग. कोपऱ्यात तुमचे पंच. एकेचाळीस.

मी इंजिनिअर आहे, तुम्हीच केलंत. मला समजायला मिनिटही लागलं नाही. स्प्रिंगा तुम्ही माझ्या वजनावर लावल्या होत्या. मला उतरवलंत, सरळ रस्त्यावर चार सेकंद वाचले, पण डावी बाजू हलकी पडली आणि गाडी वळणाला बिघडली. सगळं सेटिंग पहिल्यापासून करायचं तर महिने गेले असते. म्हणून तुम्ही माझ्याइतकं लोखंड बसवलंत. म्हणजे माझं वजन पुन्हा गाडीत आलं, चार सेकंद पुन्हा गेले, फक्त मी परत आले नाही. मेकॅनिक विचारत होता की हे भंगारात टाकू का. मी दोन माणसांकडून तो ठोकळा उचलवून नव्या गाडीच्या डिक्कीत ठेवला. त्या गाडीला पत्ताही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना विचारलं. तुमचे पहिले टर्नर, अजून दुपारपर्यंत कारखान्यात येऊन बसतात, डोळे गेलेत पण कान शाबूत आहेत. मी ठोकळ्याचं नाव काढताच त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, ‘साब पंद्रह दिन परेशान रिये, दीदी. गाड़ी बाएँ मोड़ पे पहिया उठा री थी. मैंने बोला, बेबी को ही वापस बिठा लो ना, लोहा काय को डाल रिये हो. तो बोले, अब वो नी बैठेगी. मैंने उसका मुँह देखा है.’

म्हणजे तुम्ही पाहिलं होतंत. नाना, मी इतकी वर्षं तुम्हाला एका गोष्टीवर सूट देत आले होते. मला वाटायचं तुम्हाला कळलंच नाही. काट्यावरचे ग्रॅम दिसतात, समोरचं माणूस दिसत नाही, असा एक प्राणी असतो आणि तो माझा बाप आहे, असं मी स्वतःला समजावलं होतं. न कळणाऱ्या माणसावर किती चिडायचं? पण तुम्हाला कळलं होतं. हरभऱ्याच्या कडेला उभ्या असलेल्या मुलीचं तोंड तुम्ही पाहिलंत, ते लक्षात ठेवलंत, उस्तादांना सांगितलंत. मला सोडून सगळ्यांना सांगायची सोय होती. दोन शब्द बोलायचे होते. चल, बस. मी धावत आले असते, तुम्हाला माहीत होतं की मी धावत आले असते. त्याऐवजी तुम्ही साचा केलात, लोखंड ओतवलंत, मशीनवर चढवलंत, घासलंत, रंग दिलात, आणि वर माझं वजन ठोकून पत्र्याखाली झाकून टाकलंत. एवढी मेहनत, कशासाठी? एका पोरीला सॉरी म्हणायला लागू नये म्हणून. उस्ताद म्हणतात की हेच साहेबांचं प्रेम होतं. असेल. मग ते माझ्या ताटात दिसायला हवं होतं, गाडीच्या बुडाशी नाही.

आता नव्या गाडीचं. आणली त्या सकाळी आईला पुढच्या सीटवर बसवलं. वाकावं लागलं नाही तिला, दार उघडून सरळ बसली, पाय आत घेतले, पट्टा स्वतः लावला. शहात्तर वर्षांची बाई, तुमच्या गाडीत एकदाही बसली नाही. आधी तिथे मी होते, मग लोखंड होतं. मी म्हटलं, कुठे जायचं? ती म्हणाली, हातोदला, जिथे ते जायचे तिथे. गेलो. रस्ता आता चौपदरी झालाय, हरभऱ्याच्या जागी प्लॉटांच्या पाट्या. सरळ रस्ता लागला तसं आई म्हणाली, ‘पळव ना जरा. मी आयुष्यभर फाटकातून आवाजच ऐकलाय.’ मी म्हटलं, तुझे गुडघे, धक्का बसेल. पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही. ती आणखी एकदा म्हणाली, मग पर्स मांडीवर धरून बाहेर बघत बसली.

हे पत्र कुठे पाठवायचं नव्हतंच. पण आईसमोर मोठ्यानं वाचायचं असं ठरवलं होतं, तुमच्या वाटचं निदान तिनं तरी ऐकावं म्हणून. आता वाचणार नाही. हातोदहून आल्यावर मी तिला फाटकाशी उतरवलं, काठी हातात दिली आणि एकटीच बायपासला गेले. तिथे पाय पूर्ण दाबला. पाठ सीटला चिकटली आणि मी एकटी त्या गाडीत खदाखदा हसले, नाना, दोन वेळा जाऊन आले. तासाभरानं घरी पोचले तर आई पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसली होती. तिनं विचारलं, झालं का काम? मी हो म्हटलं. जाताना मी तिला सांगून गेले होते की पेट्रोल भरून येते. टाकी सकाळीच फुल केली होती, आणि तेव्हा पंपावर आई माझ्या शेजारीच बसलेली होती.